वर्ग इंग्रजीत, वॉर्ड कुठल्या भाषेत?

मा. संपादक,

परदेशातून एमबीबीएस करून आलेली मुलं एफएमजीईत, म्हणजे इथे डॉक्टरकी करण्याआधी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत, नापास का होतात, यावरचा कालचा लेख वाचला. ‘नीटमध्ये मागे पडलेली मुलं, पुढेही मागेच पडणार’ हा त्यातला सूर आम्हा पालकांना फार लागला. पास व्हायला लागणारे ३०० पैकी १५० गुण मिळत नाहीत याला कुठे आळसही कारण असेल. पण एवढ्या मोठ्या लेखात भाषेचं नावही नसावं?

माझी मुलगी किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, चौथ्या वर्षाला आहे. व्याख्यानं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, त्याबद्दल तक्रार नाही. हॉस्पिटल सुरू झालं आणि पोरगी गप्प होत गेली. सुरुवातीला रशियन शिकवली, तेवढ्यावर कुठे दुखतं, कधीपासून, एवढं विचारता येतं. पण खेड्यापाड्यांतून येणाऱ्या म्हाताऱ्या किरगीझ बोलतात. एका आजीबाईंनी तिचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि बराच वेळ काही सांगत राहिल्या. सर पुढच्या खाटेकडे गेलेले. हिला एक अक्षर कळेना. रात्री फोनवर रडत म्हणाली, “बाबा, त्यांना काय होतंय तेच कळलं नाही, मी कसली डॉक्टर होणार?” मे २०२४ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हापासून ही मुलं बाजारातही कामापुरतीच जातात. मग भाषा कानावर पडणार कुठून?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे माध्यम इंग्रजी हवं, किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम हवा, वर तिथेच १२ महिने इंटर्नशिप हवी. ते वर्षभर रुग्णांशी इंग्रजीत बोलायचं का? आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचा समावेश आहे. इथे जी गरज पटते, ती बाहेर जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत का पटू नये?

आणखी एक. त्याच अंकात, लेखाच्या मागच्या पानावर परदेशात प्रवेश मिळवून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीची अर्धं पान जाहिरात आहे : संपूर्ण इंग्रजी माध्यम, भारतीय मेस. आम्हालाही हेच सांगितलं होतं. रुग्ण कुठली भाषा बोलतात, असं विचारल्यावर “ते होऊन जातं हो” एवढंच उत्तर मिळालं. जाहिराती जरूर घ्या, पण तिथल्या रुग्णांची भाषा कोणती आणि ती शिकवायला किती तास ठेवलेत, हे छापायची अट तरी घाला.

– एक पालक, लातूर