पर्यटन, संस्कृती आणि गेमिंग मंत्री, ऑन्टारियो (कॅनडा) यांस खुले पत्र

मिसिसागा, 12 डिसेंबर 2024

माननीय मंत्रिमहोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या चोवीस वर्षांच्या मुलाने जेवता जेवता सांगितले की, पुढच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले 31 हजार डॉलर हॉकीच्या पैजांत गेले. ते पैसे त्याच्या आईने सात वर्षे रात्रपाळी करून साठवले होते. त्या रात्री ती काही बोलली नाही. तिने भांडी घासली आणि कामावर गेली.

मुलगा बेसावध नव्हता. सप्टेंबरमध्ये त्याने एका ऑनलाइन जुगार कंपनीकडे अर्ज करून स्वतःवर बंदी घालून घेतली होती. ती बंदी त्या एका संकेतस्थळापुरती होती, आणि दुसऱ्या परवानाधारकाने त्याच संध्याकाळी त्याचे खाते उघडून दिले. सर्व परवानाधारकांना लागू होणारी एकच स्वबंदी यादी कधीतरी येईल, हे गृहीत धरूनच आपल्या नियामकाची मानके लिहिली आहेत. परंतु 4 एप्रिल 2022 रोजी ऑनलाइन जुगाराचा बाजार खासगी कंपन्यांना खुला झाला तो तिच्यावाचून, आणि अडीच वर्षांनंतरही आम्ही तिची वाटच पाहत आहोत. उत्पन्नातला सरकारी वाटा घेण्याची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून चोख होती.

मी परळच्या चाळीत वाढलो. तिथे मटक्याचा आकडा लावणाऱ्याला निदान गल्लीच्या टोकापर्यंत चालत जावे लागे, आणि जिन्यात बायको आडवी येई. माझा मुलगा शेजारच्या खोलीत पांघरुणात खेळत होता.

आपण म्हणाल, जाहिरातींवर बंधने आहेत. आहेत खरी. 28 फेब्रुवारी 2024 पासून खेळाडूंना जाहिरातीत मनाई आहे, अपवाद फक्त ‘जबाबदारीने खेळा’ असे सांगण्याचा! बोनसची जाहीर जाहिरातही चालत नाही, पण ग्राहकाने संमती दिली की तोच बोनस थेट त्याच्या फोनवर येतो. आणि ही संमती खाते उघडताना एका खुणेसरशी दिली जाते.

2023-24 या वर्षात सुमारे 63 अब्ज डॉलरच्या पैजा लागल्या, असे हा बाजार चालवणारी आपलीच संस्था, आयगेमिंग ऑन्टारियो, अभिमानाने सांगते. यात कसिनोचे खेळ आले आणि जिंकून पुन्हा लावलेले पैसेही आले, हे मला कळते. तरी मुलाचे 31 हजार त्यात कितीदा मोजले गेले असतील, हा हिशेब मी रात्री करत बसतो.

लोक तसेही परदेशी संकेतस्थळांवर खेळतात, त्यांना कायद्याच्या छत्राखाली आणू, असे आम्हाला सांगितले होते. पण फौजदारी संहितेच्या कलम 207 नुसार असा जुगार प्रांताने स्वतः चालवला तरच कायदेशीर ठरतो, आणि क्यूबेकमधील कानावाके येथील मोहॉक या मूलनिवासी समाजाच्या परिषदेने केलेल्या दाव्यात मे 2024 मध्ये न्यायालयाने तो ऑन्टारियोच चालवते असा निर्वाळा दिला. म्हणजे माझ्या मुलाच्या पैजा कायद्याने आपल्याच दुकानात लागल्या. दुकानदार, वाटेकरी आणि नियम करणाराही सरकारच असेल, तर तक्रार घेऊन आम्ही कोणाच्या दारी जावे? संस्कृती आणि जुगार एकाच खात्यात ठेवणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नसावा.

एकच यादी, एकच अर्ज, आणि तो आला की त्याच दिवशी सर्व संकेतस्थळे बंद. ही यादी कोणत्या तारखेला सुरू होणार, ते लेखी कळवावे.

आपला,
एक करदाता बाप