हिरवा ‘अर्थ ओके’ दिवा आणि नाकारलेला दावा: स्पाइक गार्डबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: खोक्यावर छापलेले सर्ज (विजेच्या दाबाचा क्षणिक झटका) संरक्षण बोर्डात नसणे आणि नुकसानभरपाई नाकारणे

महोदय,

तुमचा सहा सॉकेटचा स्पाइक गार्ड (झटक्यापासून उपकरणे वाचवण्यासाठीचा एक्स्टेन्शन बोर्ड) घरच्या कॉम्प्युटरला लावलेला असताना मे महिन्यातल्या वळवात कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्ड दोन्ही जळाले. भरपाई मागितल्यावर तुमचे एका ओळीचे उत्तर आले: ‘ग्राहकाकडील अर्थिंग सदोष असल्याने वॉरंटी लागू नाही.’ अर्थिंग कमकुवत होते, हे मान्य आहे. पण कॉम्प्युटर त्यामुळे जळालेला नाही.

खोक्यावर ‘फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ: तिन्ही मार्गांनी संरक्षण’ असे ठळक छापले आहे. त्यासाठी साधारणपणे तीन व्हॅरिस्टर (दाब मर्यादेपलीकडे गेला की तो आवरणारे घटक) लागतात. तुमच्याच सेवा केंद्रात आमच्यासमोर बोर्ड उघडला, तेव्हा आत एकच निघाला: २७५ व्होल्टचा, १४ मिलिमीटर व्यासाचा, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. अर्थच्या पट्टीला बोर्डावरचा हिरवा ‘अर्थ ओके’ दिवा सोडून दुसरे काहीही जोडलेले नव्हते. थर्मल फ्यूजही नव्हता. व्हॅरिस्टर झिजून तापू लागला तर त्याचा वीजपुरवठा वेळीच तुटावा म्हणून हा फ्यूज लागतो. तो नसेल तर आगीचा धोका राहतो.

हा एकुलता व्हॅरिस्टर शाबूत आहे. ना काळवंडला, ना फुटला. उलट जळालेल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल यांपासून कॅबिनेटला, म्हणजे अर्थशी जोडलेल्या धातूच्या पेटीला, जोडलेले दोन्ही वाय कॅपॅसिटर (विद्युत गोंगाट गाळणारे छोटे घटक) तडकलेले आहेत. याचा अर्थ कोणताही जाणकार तंत्रज्ञ सांगेल: झटका दोन वायरींच्या मध्ये नव्हे, तर बहुधा वायरी आणि अर्थ यांच्या मध्ये आला. जवळ वीज पडली की बहुतेक वेळा फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींचा दाब एकदमच अर्थच्या तुलनेत उसळतो. अशा वेळी फेज-न्यूट्रलमधल्या व्हॅरिस्टरला काही जाणवतच नाही. तिथे उरलेले दोन व्हॅरिस्टर लागतात, आणि तेच तुम्ही घातलेले नाहीत.

आता तुमच्या कारणाकडे येतो. परवानाधारक वायरमनने अर्थ टेस्टरने मोजले तेव्हा रोध ३८ ओहम आला; खड्ड्यातल्या पाइपवरचा क्लॅम्प गंजून सैल झाला होता, आणि मे महिन्यात माती कोरडी असते. पण फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्हॅरिस्टर बोर्डात असते, तर त्यांनी दोन्ही वायरी सॉकेटच्या अर्थ पिनशी क्षणात बांधल्या असत्या. जमिनीत ३८ ओहम असोत वा ३, वायरी आणि कॅबिनेट यांच्यातला फरक व्हॅरिस्टरच्या मर्यादेतच राहिला असता आणि सगळ्या संचाचा दाब एकत्र वर-खाली झाला असता. कॉम्प्युटरला दुसऱ्या वाटेने झटका येण्याची सोयही नव्हती. इंटरनेट फायबरचे आहे, घरात येणाऱ्या केबलमध्ये तांबे नाही, आणि राउटरचा अॅडॉप्टर याच बोर्डावर होता. फ्रीज, टीव्ही, दिवे सगळे चालू आहेत, म्हणून न्यूट्रल तुटून बराच वेळ चढा दाब आला, असेही म्हणता येणार नाही.

३८ ओहमचा खरा धोका माणसाला होता. फेज कॅबिनेटला चिकटली तर २३० भागिले ३८ म्हणजे सुमारे ६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच) त्याला दाद देणार नाही आणि कॅबिनेट करंट धरून बसेल. हा धोका ओळखायला तुमचा ‘अर्थ ओके’ दिवा होता ना? ३८ ओहमवर तो हिरवा होता. नंतर क्लॅम्प बदलला, ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप नव्याने गाडला, रोध ३.२ ओहमवर आला. दिवा तसाच हिरवा. मग वायरमनने बोर्डाच्या अर्थ वायरीत मुद्दाम ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घालून पाहिला, तरीही हिरवाच. कारण सोपे आहे. दिव्यातून जेमतेम १ मिलिअँपिअर वाहतो. एवढ्या करंटला ४,७०० ओहमवर ५ व्होल्टही खर्च होत नाहीत, उरलेले सगळे दिव्याला मिळतात. अर्थची वायर कुठेतरी टेकलेली आहे, एवढेच तो दाखवतो. त्याच्या शेजारी ‘ओके’ लिहिणे म्हणजे लोकांना निर्धास्त करून फसवणे आहे. राजारामपुरीपासून शिवाजी पेठेतल्या जुन्या वायरिंगच्या घरांपर्यंत हा बोर्ड विकला जातो आणि घेणारे त्या दिव्यावर भरवसा ठेवतात.

एक गोष्ट सर्वांत गंभीर आहे. तुमच्या तक्रार कक्षातल्या प्रतिनिधीने फोनवर सल्ला दिला की सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून घ्या, म्हणजे ‘अर्थिंग होईल’. हा सल्ला जीवघेणा आहे. नंतर कधी सॉकेटपर्यंत येणारा न्यूट्रल तुटला की फेज उपकरणातून फिरून थेट कॅबिनेटवर येते आणि हात लावणाऱ्याला २३० व्होल्टपर्यंतचा शॉक बसू शकतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर अशा जोडणीने तो बहुधा ट्रिप होईल. मग लोक तोच काढून टाकतील. हा सल्ला कोणालाही देऊ नये, अशी लेखी सूचना तुमच्या सर्व केंद्रांना आजच जायला हवी.

मागण्या अशा: एसएमपीएसचे ₹३,४००, मदरबोर्डचे ₹८,२०० आणि बोर्डाचे ₹१,६५०, असे एकूण ₹१३,२५० परत करावेत. या मॉडेलचे उरलेले बोर्ड तिन्ही व्हॅरिस्टर आणि थर्मल फ्यूज घातल्याशिवाय विकू नयेत. ‘अर्थ ओके’ ऐवजी ‘अर्थ वायर जोडलेली’ असे छापावे, आणि अर्थिंगचा रोध टेस्टरने मोजून घ्यावा ही सूचना मराठीत ठळकपणे द्यावी.

खरेदीचे बिल, उघडलेल्या बोर्डाची आणि तडकलेल्या कॅपॅसिटरची छायाचित्रे, तसेच वायरमनचा दोन्ही मोजण्यांचा अहवाल सोबत जोडला आहे. जळालेले भाग जपून ठेवले आहेत; तुमचा तंत्रज्ञ येऊन पाहू शकतो. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल, आणि त्यात खोक्यावरचा मजकूर व उघडलेला बोर्ड शेजारी-शेजारी ठेवला जाईल.

कळावे,

आपला ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर