टॅब घेताय? आधी आमच्या मावशींना दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मालवण तालुक्यातल्या एका गावात मी उल्लासच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेच्या, वर्गाला स्वयंसेवक म्हणून शिकवते. बायका अकरा, वय पस्तीस ते साठ. गेल्या वर्षी आम्हाला देणगीत सहा टॅब मिळाले आणि त्यात एक मराठी शिकवायचं ॲप, वर्षाचे पैसे भरलेलं. देणाऱ्याचं मन चांगलं, त्याबद्दल काहीच बोलायचं नाही. पण ते ॲप कोणी निवडलं, तर ज्यांना वाचता येतं त्यांनी. सगळा घोळ तिथेच झाला.

आमच्या एक मावशी बाजारात मासे विकतात, बावन्न वय. बांगड्याचा वाटा दीडशेचा, गिऱ्हाईकाने तीन वाटे घेऊन पाचशेची नोट पुढे केली की मान वर न करता पन्नास परत. त्यांच्यापुढे ॲपने काय आणलं, तर दोन बदकं आणि तीन बदकं मिळून किती. मावशी म्हणाल्या, "माका बदकां मोजूक बसयलंस काय गो?" सगळा वर्ग हसला, मीपण हसले.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. अक्षरं आली तशी वर दहा सेकंदांचं घड्याळ सुरू झालं, चुकलं की मोठ्ठा बझर, लाल फुली, आणि तीन चुका झाल्या की परत पहिल्या पायरीवर. तिसऱ्या बझरला मावशींनी टॅब पालथा ठेवला आणि "पाऊस येतासा वाटता, सुकत घातलंलां काढूक व्हया" म्हणून उठल्या. मे महिना होता, आभाळात एक ढग नव्हता. तिसरीत असताना ढ म्हणून शाळा सोडलेली बाई ती, तिला तोच वर्ग आम्ही काचेवर परत आणून दाखवला.

बाकीच्या बायका चार महिन्यांत एसटीची पाटी वाचायला लागल्या, मावशींचं मात्र अजून घ आणि ध, भ आणि म यात अडकतं. पहिल्या वेलांटीचा तर वेगळाच त्रास. 'वि' म्हणताना तोंडात आधी व येतो पण डोळ्यापुढे आधी वेलांटी, इतकी वर्षं वाचतेय पण ही उलटापालट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती, त्यांच्यामुळे कळली. आधी आम्ही डोळे तपासून घेतले (हे प्रत्येक वर्गाने पहिलं करावं, चाळिशीनंतर बराच त्रास चष्म्याचाच असतो), नंबर निघाला, चष्मा आला, अक्षरं स्पष्ट दिसायला लागली पण अदलाबदल तशीच राहिली. म्हणजे अध्ययन अक्षमता असू शकते, बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अडतं ती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ती ओळखायची डाली नावाची चाचणी केलीय, ती मराठीतही आहे, पण पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. बावन्न वर्षांच्या बाईला घेऊन आम्ही कुठे जायचं?

तर सॉफ्टवेअर बघताना माझं म्हणणं एवढंच की चुकल्यावर ते काय करतं ते आधी बघा. थांबतं का, तोच शब्द हळू आवाजात दहा वेळा सांगतं का, घड्याळ बंद करता येतं का, हेडफोन लावता येतो का म्हणजे शेजारणीला चुका ऐकू जाणार नाहीत. चित्रं, गाणी, बक्षिसाचे तारे याला काही अर्थ नाही. आमच्या ॲपमध्ये ल दांडीचा होता, हिंदी वळणाचा, आणि एसटीच्या पाटीवर पाकळीचा. तुम्हाला मला दोन्ही एकच, मावशींसाठी ते एक नवीन अक्षर झालं. आणि उघडायला दर वेळी ओटीपी! वाचायला शिकायचं म्हणून आधी सहा आकडे वाचून टाईप करा. रेंज आमच्याकडे फक्त देवळाच्या पारावर येते, त्यामुळे नेटशिवाय चालत नसेल तर पावसात ते टॅब म्हणजे पोळपाट.

प्रौढांसाठी कोणी डोकं लावलंच नाही असंही नाही. टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीचे पहिले प्रमुख फकीरचंद कोहली, त्यांच्या पुढाकाराने कंपनीने २००० च्या सुमारास संगणकावरून साक्षरता सुरू केली होती, त्यात बाराखडी घोकायची नाही, आधी ओळखीचे शब्द आणि त्यातून अक्षरं, तेही जुन्या कॉम्प्युटरवर चालणारं. हेच डोक्यात ठेवून मी शेवटी मावशींच्या मुलाचा जुना अँड्रॉइड फोन घेतला. त्यात सिलेक्ट टू स्पीक म्हणून सोय असते, फुकट, मजकुरावर बोट ठेवलं की मराठीत वाचून दाखवते, वेग कमी करता येतो आणि चालू शब्दाला रंग येतो. मी रोज पाच शब्द मोठ्या अक्षरात त्या फोनमध्ये टाकून देते, बांगडा, सुरमई, बर्फ, कुडाळ, नातीचं नाव. घरी दार लावून पन्नास वेळा ऐकतात, कोणी बघत नाही. कुडाळ आता पाटीवर ओळखतात. देवगड अजून नाही.

लिहायचं मात्र वहीतच. उल्लासची परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि ती कागदावर होते. काचेवर बोट फिरवून पेन धरता येत नाही, हे टॅब विकणारे सांगत नाहीत.

शेजारच्या दोन गावांत तेच ॲप घ्यायचं ठरतंय असं ऐकलं म्हणून घाईने लिहिलं. डेमो ऑफिसात नको, आमच्या वर्गात ठेवा. सोमवारी आणि गुरुवारी चारला, बाजार उठल्यावर. मावशींना मी पुढे बसवते, चहा आमच्याकडून.

आपली,
एक स्वयंसेविका, मालवण तालुका