बंदीच्या फलकाने पूर थांबत नाही

संपादक महोदय,

पावसाळा लागला की मित्रमंडळींच्या गाड्या ताम्हिणी, माळशेज, लोणावळ्याकडे वळतात आणि पाठोपाठ धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारे आदेश निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतरही हाच क्रम चालू आहे. अशा ठिकाणी प्रवाह अचानक वाढतो तो बहुधा डोळ्यांसमोरच्या सरींनी नव्हे, तर वरच्या डोंगरावर कोसळलेल्या पावसाने. खाली उघडीप असतानाही पाणी गढूळ होऊन काही मिनिटांत चढते, हे तिथला कोणताही गुराखी सांगेल, पण शहरातून आलेल्यांना ते सांगायला जागेवर कुणी नसते. सरसकट बंदीऐवजी शनिवार-रविवारी वाहनतळाच्या शुल्कातून मानधन देऊन गावातील तरुण नेमावेत, त्यांना दोर व शिट्ट्या द्याव्यात आणि वरच्या बाजूला पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस बसवावा. घाटाच्या वळणावर गाडी उभी करून छायाचित्रे काढणाऱ्यांना मात्र जागीच दंड करावा. तिथे समजावणे पुरे झाले.

– एक वाचक, पुणे