ओमचा फॉर्म ओमलाच भरू दे

श्टुटगार्ट
मे २०२५

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

ओमचा निकाल कळला तसा इकडे लगेच शिरा झाला. आमच्या सईने तर ओमदादाला किती टक्के पडले ते शेजारच्या आजींनाही सांगून टाकलं. ओमचं मनापासून अभिनंदन. पण परवा फोनवर तू म्हणालास, "अकरावीचा फॉर्म मीच भरतो, रजा टाकतो, त्याला काय कळतंय त्यातलं," ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय. फोनवर असलं बोलणं धड होत नाही, म्हणून लिहायला बसले.

सई आता चौथीत आहे. इथे चौथीच्या मुलांना रस्त्यावर सायकल कशी चालवायची ते पोलीस शिकवतात. त्यासाठी वेगळं मैदानच असतं: छोटे रस्ते, सिग्नल, पाट्या, झेब्रा क्रॉसिंग. मी कुंपणाबाहेरून बघत होते. इथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळणं सगळ्यात अवघड. आधी मान वळवून मागे बघायचं, डावा हात काढायचा, रस्त्याच्या मध्याकडे यायचं, समोरून येणाऱ्याला जाऊ द्यायचं आणि मग वळायचं. सई हात बरोबर काढायची, पण मागे बघायचंच राहायचं. शिकवणाऱ्या पोलीसबाईंनी तिला थांबवलं आणि एवढंच विचारलं, "तुझ्या मागे कोण होतं?" सईला सांगता येईना. पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार फेऱ्यांनंतर बाईंनी विचारायच्या आधीच ही ओरडली, "निळा टी-शर्ट!" बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

लेखी पेपर आणि प्रत्यक्ष परीक्षा असं दोन्ही असतं, शिवाय सायकलही तपासतात: दोन्ही ब्रेक, घंटी, पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर. तेव्हापासून निघायच्या आधी टायर दाबून बघायचं काम सईचं. मी किंवा हिचे बाबा त्यात पडत नाही. हवा कमी असेल तर तीच भरते.

सई पहिलीत असताना पालकांच्या बैठकीत बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की डबा सोडून मूल घरी काहीही विसरलं तरी ते मागून आणून देऊ नका. खेळाचे बूट राहिले तर त्या तासाला ते बाकावर बसेल, दुसऱ्या आठवड्यात आणेल. मला हे फार पटलं. मुलाला काम द्यायचं आणि ते चुकलं की निस्तरायला आपण धावायचं, म्हणजे काम आपल्याकडेच राहिलं. मुलाच्या वाट्याला फक्त बोलणी येतात.

इथल्या कायद्यातही वयाप्रमाणे पायऱ्या आहेत. सात वर्षांच्या आतल्या मुलाकडून नुकसानभरपाई मागता येत नाही. सातव्या वर्षानंतर खाऊच्या पैशातून मुलाने केलेली खरेदी कायद्याने ग्राह्य धरतात. चौदाव्या वर्षापासून गुन्ह्याला स्वतः जबाबदार, आणि धर्म कोणता पाळायचा हेही त्याच वयापासून स्वतः ठरवता येतं. गेल्या वर्षी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत इथे १६ वर्षांच्या मुलामुलींनी मतदान केलं. आईवडिलांसाठीही दिवाणी कायद्यात लिहिलंय, की मुलाची स्वतंत्रपणे आणि जबाबदारीने वागण्याची वाढती क्षमता आणि गरज लक्षात घ्या, त्याच्याशी बोला. हे कलम १९८० पासून आहे. त्याच कायद्यात घरकामात आपल्या ताकदीप्रमाणे हातभार लावणं हे मुलाचं कर्तव्य म्हटलंय. ओमला हे नक्की वाचून दाखव!

सगळंच इथलं मला पटतं असं नाही. चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगवेगळ्या होतात, कुणी पुढे विद्यापीठाच्या वाटेने, कुणी हातकामाच्या शिक्षणाकडे. नऊ-दहा वर्षांच्या जिवावर एवढं ओझं टाकू नये असं मला ठाम वाटतं. वयाला झेपेल तेवढंच द्यावं, पण जे देऊ ते पुरतं द्यावं.

आणि हे शिकायला जर्मनीला यायची गरज कुठे होती? आपले बाबा साताऱ्याला 'कमवा आणि शिका'मध्येच शिकले ना? सकाळी कॉलेजच्या शेतावर काम, मग वर्ग. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली आपल्या कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाकापासून सगळं हातांनी करायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे बाबा किती अभिमानाने म्हणतात! भाकरी कच्ची राहिली तर सगळ्यांनाच कच्ची खावी लागायची, म्हणून दुसऱ्या दिवशी ती नीट भाजली जायची, हे त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलंय आपण. ओमला हे त्यांनी एकदा निवांत सांगावं. तू सांगू नकोस, त्यांनाच सांगू दे.

आता फॉर्मचं. यंदापासून कराडलाही ऑनलाइनच प्रवेश आहेत म्हणे. जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा, आणि पहिल्या पसंतीचं लागलं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणजे धोका आहे, मला मान्य आहे. म्हणूनच तू शेजारी बस. पण लॉगिन, पासवर्ड, कागदपत्रं सगळं त्याच्या हातात असू दे. तू फक्त विचार: या कॉलेजला सकाळची एसटी किती वाजता? प्रॅक्टिकल संपून घरी यायला किती वाजतील? फी किती? गेल्या वर्षी कटऑफ कुठे थांबला होता? उत्तर आलं नाही तर तू देऊ नकोस. त्याला शोधू दे, दोन दिवस लागले तरी. मुदत तेवढी तू लक्षात ठेव.

दुसरं, त्याचं बँकेत स्वतःचं खातं काढ. दहा वर्षांपुढच्या मुलांना खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. एसटीचा पास, वह्या, मोबाइलचा रिचार्ज, सगळं महिन्याच्या सुरुवातीला त्यात टाक आणि महिनाभर त्यात भर घालू नकोस. वहिनींना जड जाईल, मला माहीत आहे, पण वीस तारखेला पैसे संपले तर संपू देत. पास तेवढा आधी काढायचा हे त्याला आपोआप कळेल.

आईचा गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव, दिवाळीला येताना आणते. फॉर्म भरून झाला की ओमलाच मला फोन करू दे, पहिलं कॉलेज कुठलं टाकलं आणि का, ते मला त्याच्याकडून ऐकायचंय.

बाबांना आणि आईला नमस्कार, वहिनींना नमस्कार, ओमला खूप आशीर्वाद.

तुझी,
माई