पक्षी चावरा झालाय? आधी त्याचे डोळे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या पाळीव प्राण्यांच्या सदरात मध्यंतरी एका वाचकाचा प्रश्न आला होता. कॉकाटील (तुऱ्याचा छोटा पोपट) बारा वर्षांचा, आयुष्यभर गरीब, आणि आता दोन महिन्यांपासून हात नेला की कडकडून चावतो. काय करावं? उत्तरात शिस्तीचा कार्यक्रम होता: चावला तर दुर्लक्ष करा, नाही चावला तर खाऊ द्या. तरण्या पक्ष्याला हे लागू पडलंही असतं. पण म्हाताऱ्या पक्ष्याचा स्वभाव बदलला की स्वभावाकडे सगळ्यात शेवटी बघायचं असतं, आणि त्या सबंध उत्तरात 'डोळे' हा शब्द एकदाही नव्हता. हीच चूक मी वर्षभर केली, म्हणून हे पत्र.

आमचा शेंड्या कॉकाटीलच. तेराव्या वर्षी चावायला लागला आणि घरातल्या सगळ्यांनी निदान करून टाकलं: म्हातारा झाला, खडूस झाला. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी बाहेर येत नाही, तो आळस. खेळणी सोडली, ते वय. रात्री दचकून फडफडतो, तर कॉकाटील फडफडतातच (हे खरंही आहे, अंधारात घाबरण्यात ही जात पटाईत). प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण तयार होतं, त्यामुळे सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एके दिवशी पिंजरा धुतल्यावर पाण्याची वाटी मी उजवीकडे अडकवायच्या ऐवजी डावीकडे अडकवली. दुपारी बघते तर हा जुन्याच जागी उभा. मान खाली घालून, जिथे वाटी असायची तिथल्या गजांना चोच लावतोय, मागे घेतोय, पुन्हा लावतोय. भरलेली वाटी त्याच्यापासून वीतभर अंतरावर. मी ती हलवली, पाणी डुचमळलं, तसा आवाजाच्या रोखाने सरकला आणि प्यायला लागला. कितीतरी वेळ पीत होता.

त्यानंतर आठवडाभर मी फक्त बघत बसले. गजांवर चढताना सगळेच पोपट चोचीचा आधार घेतात, त्यात नवल नाही. पण हा सपाट दांडीवरसुद्धा पाऊल टाकायच्या आधी चोच टेकवून पुढची जागा चाचपायचा. चाव्यांचा हिशेबही ठेवला. सगळे चावे त्याच्या डाव्या बाजूने गेलेल्या हाताला, आणि तेही मी न बोलता हात नेला तेव्हा. हाक मारून हात पुढे केला की साहेब मुकाट्याने बोटावर. म्हणजे राग कसला, भीती होती. न दिसणारी वस्तू अचानक अंगाला लागली तर कुणीही दचकेल. त्याच्याकडे दचकायला चोचच आहे.

पक्षी हे इतकं लपवू शकतो याचं कारण त्याच्या जातीतच आहे. निसर्गात पक्षी कुणाचं तरी भक्ष्य असतो आणि दुबळेपणा दाखवणारा आधी पकडला जातो. त्यात पिंजरा पाठ असतो. कुठली दांडी कुठे, दाणे कुठे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. नजर हळूहळू जात असेल तर पक्षी स्मरणशक्तीवर इतका बेमालूम वावरतो की काही हलवल्याशिवाय आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ स्वतंत्र कारभार करणारे. एक गेला तरी दुसऱ्यावर संसार चालतो. पक्षी मान वाकडी करून एका डोळ्याने निरखतो, ती त्याची नेहमीची सवय आहे, आजार नव्हे. मात्र दरवेळी तोच एक डोळा पुढे येत असेल तर लक्ष द्यावं.

टॉर्चची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी तिथेच फसले होते. वाटीच्या प्रसंगाच्या खूप आधी एकदा शंका आली म्हणून डोळ्यांवर उजेड टाकून पाहिला. बाहुली लहान झाली. झालं, दिसतंय म्हणून मी निर्धास्त. ही परीक्षा माणसाची, पक्ष्याला लावली की खोटं उत्तर देते. पक्ष्याच्या बुबुळातले स्नायू बरेचसे आपल्या हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे असतात, त्यामुळे तो बाहुली स्वतःच्या मर्जीनेही लहानमोठी करतो. खुशीत आलेल्या पोपटाच्या बाहुल्या कशा भराभर लहानमोठ्या होतात ते आठवा. दोन डोळ्यांमधलं हाड इतकं पातळ असतं की एका डोळ्यावर टाकलेला झगझगीत उजेड पलीकडच्या डोळ्यापर्यंत पोचू शकतो. आणि मोतीबिंदू असेल तर उजेड आत शिरतोच, दिसत नाही ते वस्तूचं रूप. तेव्हा बाहुली हलली एवढ्यावरून नजर शाबूत आहे असं समजू नये. टॉर्च कामाला येते ती वेगळ्या गोष्टीसाठी: बाजूने मंद उजेड धरला की बाहुलीत पांढुरका किंवा निळसर धुरकटपणा दिसतो का ते कळतं. शेंड्याच्या डाव्या डोळ्यात तो दिसला, ताकाचा थेंब पडावा तसा.

घरी करण्यासारखी खरी परीक्षा कापसाची. पक्षी निवांत असताना थोडं लांबून, एका बाजूला, कापसाचा बोळा वरून अलगद सोडायचा. आवाज नाही, वारा नाही. दिसत असेल तर मान वळते किंवा निदान अंग आवळतं. मग दुसरी बाजू. एकदा करून निकाल लावू नका. पक्षी कंटाळूनही दुर्लक्ष करतात, म्हणून वेगवेगळ्या वेळी पाच-सहादा करा. तोंडाजवळ हात झटकून बघणं मात्र चुकीचं. त्याने हवा हलते आणि पिसांच्या मुळाशी असलेल्या केसासारख्या बारीक पिसांमधून ती त्याला जाणवते. आपल्याला वाटतं, दिसलं.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला निघाला, उजव्यात सुरुवात. वजन ९२ ग्रॅमवरून ८३ वर आलेलं. ते मला घरच्या ग्रॅमच्या काट्यावर आधीच कळलं असतं, काटा होता, वापरत नव्हते. दाण्यांची वाटी भरलेली दिसते म्हणून पक्षी खातोय असं धरू नये. वर नुसती टरफलं असतात आणि नजर अधू असलेला पक्षी त्यातच चोच मारत बसतो.

म्हातारपण हे एकच कारण नसतं, एवढं मी तेव्हा शिकले. नॉर्विच आणि यॉर्कशायर जातीच्या कॅनरींमध्ये मोतीबिंदू आनुवंशिक असतो. बजीला (बजरीगर, म्हणजे पिंजऱ्यातला छोटा रंगीत पोपट) मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीची गाठ होते आणि ती डोळ्यांच्या नसांवर दाब आणते, तेव्हा दोन्ही डोळे जाऊ शकतात. वर्षानुवर्षं नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळ्याचं आवरण बिघडतं. शिसं पोटात गेलं तरी नजर जाऊ शकते. जुना रंग किंवा पडद्याच्या काठातली वजनं कुरतडणाऱ्या पोपटांच्या मालकांनी हे ध्यानात ठेवावं. उलट, धडपडणारा प्रत्येक पक्षी आंधळा असतो असंही नाही. वाढलेली नखं, कापलेले पंख, कानाच्या आतल्या बिघाडाने गेलेला तोल, नुसता अशक्तपणा, यानेही दांडी चुकते. हा निवाडा पक्ष्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्यानेच करायचा.

काचेवर आपटल्यानंतर डोळा मिटलेला राहिला, सुजला, आत रक्त दिसलं किंवा पाणी गळायला लागलं, तर उद्यावर ढकलू नका. गळणाऱ्या डोळ्यामागे क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा संसर्गही असू शकतो, तो माणसाला होतो. हात धुवा आणि बाकीचे पक्षी वेगळे ठेवा. आणि कपाटातली माणसांच्या डोळ्यांची औषधं कृपा करून घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. डोळ्याला जखम असेल तर ती त्याने चिघळते, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगात डोळ्यातून गेलेला थेंबही पुष्कळ होतो.

पक्ष्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, पण शेंड्याचं वय आणि वजन बघून डॉक्टरांनी नको म्हटलं, आम्हालाही ते पटलं. आता पिंजऱ्यातली कुठलीही वस्तू इंचभरही हलत नाही. दांड्या खाली आणल्या, तळाला जाड कापड घातलं, एका खेळण्याला घुंगरू बांधलं. जवळ जाण्याआधी प्रत्येक जण बोलतो, मग दांडीवर दोनदा टिचकी मारतो, मग बोट पुढे करतो. टिचकी ऐकली की तो आपणहून पाय उचलून वाट बघतो. वजन परत ९० वर आलंय. चावणं किती दिवसांत थांबलं ते ऐकून सदराच्या लेखकांना पटणार नाही, म्हणून सांगत नाही.

आपल्याला एकच विनंती. प्रश्न विचारणाऱ्या त्या वाचकाचा पत्ता आपल्याकडे असेल. शिस्तीचा कार्यक्रम थोडा बाजूला ठेवून, चावलेला हात कुठल्या बाजूने गेला होता आणि हात नेण्याआधी कुणी बोललं होतं का, एवढं आठवडाभर लिहून ठेवायला त्यांना कळवा. बारा वर्षांच्या कॉकाटीलला आठवडासुद्धा बराच असतो, तेव्हा जरा लवकर.

आपली,
एक नियमित वाचक