नुसतं ‘रेफर’ लिहून मूल केंद्रापर्यंत पोहोचत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

मी एका जिल्ह्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट आहे. उशिरा बोलणारी, कमी ऐकू येणारी, स्वमग्न मुलं माझ्याकडे येतात. पहिल्या भेटीत पालकांना मी हमखास विचारते, इथं यायला कुणी सांगितलं? आजवर मिळालेल्या उत्तरांवरून हे पत्र लिहिते आहे. मुलात काहीतरी वेगळं आहे हे आईला बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. पण घराबाहेर पाऊल पडतं ते डॉक्टर, सिस्टर किंवा आशाताईंनी स्पष्ट सांगितल्यावरच.

तोवर घरात काय चालतं ते आपल्यालाही ठाऊक असेल. वेखंड उगाळून मधातून चाटवलं जातं, नवस बोलले जातात, आणि ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ हे वाक्य तर ठरलेलं. सून काही बोलायला गेली की ‘तुलाच लई कळतं’. अशा घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीला फार वजन असतं. एका आईने ती चिठ्ठी लसीकरणाच्या कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. म्हणाली, “मॅडम, यावर सही-शिक्का आहे म्हणून सासूबाईंनी सोडलं.” एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं, पण घरातून निघायची परवानगी अजून पूर्णच काढावी लागते.

यंत्रणा नाही असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन सहा आठवड्यांपासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. शंका आली तर मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवायचं. गाडं अडतं ते इथेच. चिठ्ठीवर नुसतं ‘रेफर्ड टु डी.एच.’, म्हणजे जिल्हा रुग्णालयात पाठवलं, एवढंच असतं. कशासाठी, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं, काही नाही. पोरगं तर अंगणात धावतंय, मग मजुरी बुडवून सिव्हिलला कशाला जायचं? चिठ्ठी फडताळात पडून राहते.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंची पद्धत वेगळी आहे. त्या चिठ्ठीच्या पाठीमागे वार, खोली क्रमांक आणि सकाळची गाडी कधी सुटते तेही लिहितात. नवरा किंवा सासरे सोबत नसले तर समोरच फोन लावायला सांगतात आणि स्वतः बोलतात. “पोर हुशार आहे, पण कानाची तपासणी झालीच पाहिजे. जाऊन आलात की मला दाखवायला या.” त्यांनी पाठवलेली मुलं बहुतेक येतातच. या बोलण्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरी गर्दीच्या ओपीडीत तेवढी मिनिटं काढणं सोपं नाही, हे मला मान्य आहे.

याउलट, ‘मुलगे उशिरा बोलतात, पाच वर्षांपर्यंत थांबा’ हेही कुणीतरी डॉक्टरच सांगतात, आणि ते वाक्यही लोक तितक्याच श्रद्धेने पाळतात. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे थांबणं फार महागात पडतं. भाषा रुजण्याची जी पहिली दोन-तीन वर्षं, तीच हातची जातात.

आशाताईंच्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना ठरलेल्या आहेत. बोलण्यातला उशीर ठळक दिसू लागतो तो त्यानंतर, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान. त्याच सुमारास, १६ ते २४ महिन्यांत, बूस्टरच्या लशीसाठी आई बाळाला घेऊन स्वतःहून येते. त्या दिवशी सिस्टरने एवढंच विचारावं: नावाने हाक मारली की वळून बघतो का? हवं ते बोटाने दाखवतो का? उत्तर ‘नाही’ आलं तर चिठ्ठी तिथेच द्यावी, वार आणि खोली लिहून. नवी योजना नको, नवं अनुदान नको.

खासगी बालरोगतज्ज्ञांनाही यात ओढा. कितीतरी घरं आधी त्यांच्याकडेच जातात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याच जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे ते सांगता येत नाही. त्यांच्या संघटनेला एक पत्र आणि दवाखान्यात लावायला पत्त्याचा एक कागद, इतकंही सध्या पुरे आहे.

आणखी एक. निदान सांगून कुटुंबाला तसंच दारातून परत पाठवू नका. दिव्यांग प्रमाणपत्र, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, यांची माहिती पालकांना बऱ्याचदा प्रतीक्षागृहातल्या दुसऱ्या आईकडून मिळते. तीच गोष्ट डॉक्टरांनी सांगितली की वडीलही कागदपत्रं गोळा करायला लागतात, हे मी पाहते.

तूर्त एकच करा. पथकांच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी छापाल तेव्हा त्यावर मराठीत चार रकाने असू द्या: कशासाठी, कुठे, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं. आणि खाली एक फाडून द्यायची पट्टी, मूल केंद्रात पोहोचल्याचं आशाताईंना कळवणारी. नमुना हवा असेल तर मी करून पाठवते.

आपली,
एक स्पीच थेरपिस्ट